अदपाव

पहाटे पाचला बाबा पत्र्याचा डबा उघडून बसतात.
झाकणाच्या आत खिळ्यानं कोरलंय: एव्हरिस्ट फॉन्टेनो,
खाली साल, त्यातला शेवटचा आकडा गंजानं खाल्लेला.
कप्प्यांत रबराच्या अळ्या,
जांभळ्या, कलिंगडाच्या सालीसारख्या हिरव्या,
एक काळी, निळ्या शेपटीची.
सगळ्यांना बडीशेपेचा वास.
बासला तो आवडतो म्हणे.
माझ्या अख्ख्या लहानपणाला तोच वास येतो.

"अदपाव," बाबा म्हणतात.

औंसाचा आठवा हिस्सा. शिशाची गोळी,
नाकाशी टोकदार, हरभऱ्याएवढी.
चाळीस वर्षं तेच वजन, गढूळ पाण्यातही, वाऱ्यातही.
दुसरे लोक जड लावायचे, भराभर तळ गाठायचे,
बाबा हसायचे:
"तळाशी काय ठेवलंय? मासा वाटेत घेतो.
सावकाश बुडू दे तिला, इकडेतिकडे बघत."

फेब्रुवारीत त्यांचा उजवा हात झोपला
आणि उठला तो अर्धाच.
कॉफी गरम की गार
हे आता त्यांच्या ओठांना कळतं, बोटांना नाही.
मग हरभऱ्याएवढं शिसं तळाला टेकलं
हे त्यांना कोण सांगणार?

धक्क्यावरच्या दुकानात ओझिटबाईंना विचारलं.
"टंगस्टन ने," त्या म्हणाल्या,
"शिसं मऊ गं, ऐकलेलं पोटात ठेवतं.
हे चहाडखोर आहे. खडा लागला, लाकूड लागलं,
लगेच दोऱ्यावरून वर येऊन सांगतं.
पाव औंस घे. दुप्पट वजन,
पण दिसायला त्यांच्या अदपावाएवढंच."
मग गल्ल्याकडे बघत,
"त्यांना सांगायलाच पाहिजे असं काही नाही."

नाही सांगितलं.
त्यांची पाठ होती तेव्हा दोऱ्यात ओवलं,
गाठ थुंकीनं ओली करून आवळली,
गळाचं टोक अळीच्या डोक्यातून बाहेर काढलं,
वळवून परत तिच्याच पोटात घातलं,
आणि वर रबराची पातळ साय ओढून घेतली,
गवतात अडकू नये म्हणून.
छान झालं होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

सायप्रसची झाडं गुडघे पाण्याबाहेर काढून उभी.
जलपर्णीत एक फट, परातीएवढी.
बाबांनी डाव्या हातानं फेकलं,
अगदी मधोमध.

टप्.

वल्हं माझ्या हातातच राहिलं.
"हे अदपाव नाही," बाबा म्हणाले.
"अदपावच आहे."
"अदपावाला पाणी 'टिप्' म्हणतं, क्लोटील.
हे 'टप्' म्हणालं."

मी डब्याकडे हात नेला, बदलून देते म्हणाले.
ते ऐकत नव्हते.
कांडी मांडीखाली दाबून
त्यांनी ताणलेला दोरा उचलला
आणि खालच्या ओठावर टेकवला,
न्हाव्याचा वस्तरा टेकावा तसा, जपून.
डोळे मिटले.

"चिखल," म्हणाले.
बऱ्याच वेळानं, "शिंपले."
मग, "मूळ. जाडंय. आता त्याच्यावर चढतेय...
चढली."
आणि मला कधीच न दिसलेल्या त्या मुळावरून
अळी पलीकडे पडली,
हे मी त्यांच्या भुवयांवर पाहिलं.

मासे? दोनदा ओढ लागली, दोन्ही सुटले.
दुसऱ्या वेळी ओठाला बारीक चीर पडली,
घरी जाईपर्यंत ते ती जिभेनं चाचपत होते,
खुशीत.

होडी बांधताना त्यांनी डब्यातून
जुनी शिशाची गोळी शोधून काढली,
डाव्या हातानं माझ्या मुठीत ठेवली.
"ही तू लाव. तुझी बोटं शाबूत आहेत.
आणि पुढच्या वेळी खोटं बोलायचं तर
आधी पाण्याला पढवून ठेव."

गाडीपर्यंत चालताना
दोनदा मूठ उघडून पाहिली.
इतकं हलकं ते,
हातात आहे की पडलं, कळत नव्हतं.